दादीचे माहेर, वऱ्हाडची राजधानी

आमच्या घरातली धाकटी सातवीत आहे. एका संध्याकाळी ती इतिहासाचे पुस्तक घेऊन ओसरीवर बसली होती. बहमनी राज्याची पाच शकले झाली, त्या पाचांच्या राजधान्या लिहायच्या होत्या. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, बीदर एवढी चार नावे तिने भराभर लिहिली आणि वऱ्हाडच्या इमादशाहीपाशी पेन्सिल थांबली. तिने अब्बांना विचारले. अब्बांनी चाचांकडे पाहिले. चाचा म्हणाले, नागपूर असेल. आम्ही म्हणालो, अमरावती. आम्ही सगळे वऱ्हाडात जन्मलेले, रिठदच्या मातीत वाढलेले, आणि आमच्याच मुलखाची राजधानी कोणती हे घरात कोणाला ठाऊक नव्हते!

आत चुलीपाशी बसलेली दादी म्हणाली, "लिही बेटी, एलिचपूर. माझं माहेर."

दादी घरात उर्दूच बोलते, इथे तिचे बोलणे मराठीत देतो आहोत. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, अमरावती जिल्ह्यातले. दादी अठराव्या वर्षी तिथून लग्न होऊन रिठदला आली. आता वय पंच्याऐंशीच्या पुढे. माहेरी शेवटची गेली त्याला तीस वर्षे होऊन गेली. लहानपणी ती आम्हाला सांगायची की माझे माहेर राजधानी होते, तेव्हा आम्ही हसायचो. सगळ्याच सासुरवाशिणींचे माहेर राजधानी असते, असे दादा मरहूम म्हणायचे.

त्याच आठवड्यात अचलपूरहून फोन आला. दादीच्या माहेरचे घर विकायचे ठरले होते. अब्बांच्या मामेभावांनी सांगितले की फुफीची एक सही लागेल, हक्कसोडपत्रावर, बाकी सगळे आम्ही पाहतो. अब्बा म्हणाले, मग सगळेच जाऊ. मुलांना राजधानीही दाखवू. गावातल्याच एका ओळखीच्या जीपवाल्याला सांगितले आणि नाताळच्या सुट्टीत, एका शनिवारी फजरची नमाज पढून आम्ही नऊ जण निघालो.

राजधान्यांचाच विषय निघाला म्हणून सांगतो, आमच्या घरचा एक मुलगा, चाचांचा थोरला, गेली चार वर्षे अमेरिकेत कोलंबस शहरात नोकरीला आहे. ओहायो राज्याची ती राजधानी. तो फोनवर आपल्या शहराचे वर्णन नेहमी करतो. नऊ लाखांवर वस्तीचे शहर, मधून सायोटो नदी वाहते, आणि विशेष म्हणजे ते आधी गाव होते आणि मग राजधानी झाले असे नाही. राजधानी हवी म्हणून १८१२ मध्ये नकाशावर चौकोन आखून ते वसवले, राज्याच्या साधारण मध्यावर, म्हणजे कोणालाच फार लांब पडू नये. १८१६ मध्ये तिथे कारभार आला. त्याआधी चिलिकोथी नावाच्या गावात राजधानी होती, मध्ये दोन वर्षे झेन्सव्हिलला गेली, पुन्हा चिलिकोथीला आली आणि मग कायमची कोलंबसला. तिथे सोमालियातून आलेल्या मुसलमानांची मोठी वस्ती आहे. आमचा मुलगा जुम्याला त्यांच्याच मशिदीत जातो. ईदला त्यांच्या घरचे जेवतो. हे सगळे ऐकून दादीने त्याला एकदाच विचारले होते, "आणि ते दुसरं गाव? ज्याची राजधानी गेली? तिथले लोक काय करतात?" त्याला काही सांगता आले नाही.

रिठदहून वाशिम जवळ. आम्ही बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी, तहसिलाच्या कामासाठी सतत जातो. वाशिमही एके काळी राजधानी होती हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. तेव्हा तिचे नाव वत्सगुल्म. सुमारे सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी वाकाटकांची एक शाखा तिथून राज्य करीत होती. त्या घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमलाच सापडला. अजिंठ्याचे सोळा नंबरचे लेणे ज्या वराहदेवाने कोरवून घेतले, तो याच घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री. मुघलांच्या काळात 'बासिम' ही वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार होती. वाशिमला आम्ही फक्त चहा घेतला. धाकटी म्हणाली, म्हणजे आपण एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत चाललो. तिचे बरोबर होते.

पुढे मंगरुळपीर. तिथल्या हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे मंगरुळला 'पीर' जोडले गेले. मग कारंजा लाड, जुन्या वेशींचे व्यापारी गाव. कारंज्याहून मूर्तिजापूर. या वाटेवरच्या नावांतच वऱ्हाडचा निम्मा इतिहास आहे. मूर्तिजापूरचे नाव अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहावरून पडले असे सांगतात आणि पुढच्या दर्यापूरचे नाव दर्या इमादशहावरून. एकाने दुसऱ्याच्या घराण्याचे राज्य घेतले. आज दोघांची नावे एकाच रस्त्यावर, पाऊण तासाच्या अंतराने पाटीवर दिसतात.

मूर्तिजापूरला दादीने जीप थांबवायला लावली. तिला शकुंतला पाहायची होती. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी. अडीच फुटांचा रूळ. अचलपूरचा फाटा ७६ किलोमीटरचा. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ही लाइन कापसासाठी टाकली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, मुंबईला जायचा आणि तिथून जहाजाने मँचेस्टरला. वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, मग डिझेल आले. आता कित्येक वर्षांपासून गाडीच बंद आहे. रुळांत गवत माजले आहे, काही ठिकाणी तर रूळही दिसत नाहीत.

दादी लग्नानंतर याच गाडीने आली होती. तिने सांगितले, "अचलपूरला गाडीत बसताना अब्बाजानने हातात एक डबा दिला. त्यात शिरा होता. मी मूर्तिजापूरपर्यंत तो उघडला नाही. गाडी इतकी हळू चालायची की मध्ये माणसं उतरून बोरं तोडून परत चढायची. मला वाटायचं, अजून हळू चालावी."

मूर्तिजापूर सोडले की पूर्णा नदी लागते आणि खारपाणपट्टा सुरू होतो. हा पट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, इथली काळी जमीन सोन्यासारखी पण खालचे पाणी खारट. विहीर खणली तर पिण्याच्या कामाची नाही, शेताला द्यावे तर जमीन चोपण होते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावे या पट्ट्यात आहेत. डिसेंबर असल्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची शेवटची वेचणी चालली होती, तूर पिवळ्या फुलांनी आणि शेंगांनी वाकली होती, हरभरा घाट्यावर यायच्या बेतात होता. अंजनगाव सुर्जी जवळ आले की एकदम रंग बदलतो. केळीच्या बागा, पानमळे, मग संत्री. समोर सातपुड्याची निळी भिंत उभी राहते. तिकडून नद्या गोडे पाणी घेऊन खाली येतात. राजधानी तिथे का झाली हे समजून घ्यायला पुस्तक लागत नाही, मूर्तिजापूर ते अचलपूर हा रस्ता पुरतो. दक्षिणेला कापूस-ज्वारी पिकवणारा मुलूख, उत्तरेला घाट आणि जंगल, पाठीशी डोंगरी किल्ला, पायाशी गोड पाणी.

अंजनगाव सुर्जीचे नाव आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावे. ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथे. आम्ही तिथून डझनभर केळी आणि दादीसाठी पाने घेतली.

असरच्या सुमारास अचलपुरात शिरलो. मुलांनी राजधानी म्हणजे मुंबई धरलेली. त्यांचे चेहरे पडले. अरुंद गल्ल्या, उघडी गटारे, जागोजागी पडलेल्या भिंती. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती एक लाख बारा हजारांच्या आसपास होती. पण त्यातला मोठा बाजार, बसस्थानक, लाकडाच्या वखारी हे सगळे जुळ्या गावात, परतवाड्यात आहे. परतवाडा ही इंग्रजी अमदानीतली छावणी. मधून बिच्छन नदी, पलीकडे सापन. परतवाड्यात मेळघाटचे सागवान येते, कोरकू बायाबापे आठवडी बाजाराला उतरतात, संत्र्यांचे ट्रक भरतात. अचलपुरात जुने राहते, परतवाड्यात नवे.

जुन्या गावाची रचना पुऱ्यांची आहे. सुलतानपुरा, सरमसपुरा, अब्बासपुरा, बिलनपुरा... जुने लोक म्हणतात की एके काळी असे चौपन्न पुरे होते. प्रत्येक पुऱ्याची आपली मशीद, आपली विहीर, आपला बाजार. दादीच्या भावाचे घर अशाच एका पुऱ्यात. भिंतीचा गिलावा पडलेला आणि आतल्या विटा बोटभर जाडीच्या, जुन्या काळच्या. अब्बांच्या मामूंनी, म्हणजे दादीच्या धाकट्या भावाने, दारातच तिचा हात धरला. दोघे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ते म्हणाले, "आपा, जेवण गार होतंय." आत दालचा-चावल तयार होते.

दुसरा दिवस गाव पाहण्यात गेला. मामू स्वतः बरोबर आले. ते शाळेत मास्तर होते, निवृत्त झाले आहेत, आणि अचलपूरचा इतिहास कोणी विचारला की त्यांचे गुडघे दुखायचे थांबतात. त्यांनी सांगितले ते थोडक्यात देतो.

गावाची सुरुवात दंतकथेत आहे. ईल नावाच्या राजाने गाव वसवले, म्हणून एलिचपूर, असे म्हणतात. जवळच्या मुक्तागिरीच्या जैन मंदिरांच्या कथांतही हाच राजा येतो. इतिहासात गावाचे नाव ठळकपणे येते ते १२९६ मध्ये. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तेव्हा वाटेत इथे थांबला होता. पुढे तह झाला त्यात एलिचपूरचा वसूल दिल्लीला लावून दिला गेला. बहमनी सुलतानांच्या काळात वऱ्हाड हा त्यांच्या चार तरफांपैकी एक. अहमदशहा वली बहमनीने १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधला, असे फरिश्ता लिहितो. तेव्हा त्याचा मुक्काम एलिचपुरातच होता.

आणि मग फतेहउल्ला. या माणसाची गोष्ट मुलांना सगळ्यात आवडली. विजयनगरच्या मुलखातल्या एका ब्राह्मणाच्या घरी जन्मलेला मुलगा. लढाईत बहमनी फौजेच्या हाती लागला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी मुसलमान म्हणून वाढला, कर्तबगारीने चढत गेला आणि इमाद-उल-मुल्क हा किताब मिळवून स्वतःच वऱ्हाडचा सुभेदार झाला. वजीर महमूद गवानाने मोठे सुभे तोडून लहान केले तेव्हा वऱ्हाडचेही दोन तुकडे झाले, एक गाविलचा, एक माहूरचा. फतेहउल्लाकडे गाविल राहिला. १४८१ मध्ये महमूद गवानाला खोट्या पत्रावरून ठार मारले गेले आणि बहमनी दरबारावरचा सगळ्यांचाच विश्वास उडाला. १४९० मध्ये फतेहउल्लाने स्वतंत्र कारभार सुरू केला. एलिचपूर राजधानी झाले. त्याच्यामागून अलाउद्दीन, मग दर्या, मग बुऱ्हाण. बुऱ्हाण लहान होता. तुफालखान नावाच्या सरदाराने त्याला नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडून कारभार हाती घेतला. हे निमित्त करून अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने वऱ्हाड घेतले. १५७४ पर्यंत सगळे संपले. चौऱ्याऐंशी वर्षांची राजधानी.

"आमच्या दादीपेक्षाही लहान," असे धाकटी पुटपुटली. दादीने तिच्या पाठीत धपाटा घातला.

वऱ्हाडची राजधानी पुढेही काही काळ होतीच. मुघलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतले. आईन-ए-अकबरीत एलिचपूरचे वर्णन मोठे शहर आणि सुभ्याचे मुख्य ठाणे असेच आहे. तिथे एका फुलाचाही उल्लेख आहे, जमिनीलगत उगवणाऱ्या, जांभळ्या, फार सुवासिक चंप्याचा. मामूंनी हे सांगताच दादी म्हणाली, "भुईचाफा! आपल्या अंगणात होता की, न्हाणीजवळ." मामू गप्प झाले. त्यांना ते आठवत नव्हते. बादशहाच्या दरबारी पोहोचलेले फूल त्यांच्याच अंगणात होते आणि मास्तरांना ते एका कमी शिकलेल्या बहिणीकडून कळले.

१७२४ नंतर वऱ्हाड निजामाकडे आले. एलिचपुरात त्यांचे सुभेदार, पुढे पन्नी पठाणांचे नवाब घराणे नांदले. इस्माईलखान, सलाबतखान, नामदारखान ही त्यांची नावे. गावाचा तट, दरवाजे, पडक्या हवेल्या यांतले बरेचसे काम त्यांच्या काळचे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. इंग्रजांना कापूस हवा होता आणि रेल्वे गेली बडनेऱ्यावरून. कमिशनर अमरावतीला बसला. एलिचपूर काही वर्षे जिल्ह्याचे ठिकाण होते, १९०५ मध्ये तोही जिल्हा मोडून अमरावतीला जोडला. छोट्या रुळांची गाडी आली तोवर गावाकडे पाठवण्यासारखे कापसाखेरीज फारसे काही उरले नव्हते. पुढे विदर्भ मिल निघाली. दादीचे वडील तिथे कामाला होते. तिला अजून भोंग्याच्या वेळा पाठ आहेत.

पाहण्यासारखे काय, तर पहिला हौज कटोरा. गावाच्या पश्चिमेला शेतांतून जावे लागते. गोल तलाव आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, तीन मजली, सगळ्या बाजूंनी कमानी. आणखी मजले होते, ते एका नवाबाने उतरवले, असे लोक सांगतात. उन्हाळ्यात वाऱ्यासाठी पाण्यात बसायची ही जागा. आम्ही गेलो तेव्हा पाणी थोडेच होते, कडेला म्हशी बसल्या होत्या. भिंतींवर नेहमीप्रमाणे नावे खरडलेली. ताजमहालावर कोणी नाव खरडले तर बातमी होते, इथे खरडले तर कोणाला पत्ताही लागत नाही. तरी सांगतो, इतकी देखणी इमारत वऱ्हाडात आम्ही दुसरी पाहिली नाही. संध्याकाळच्या उन्हात तिची सावली पाण्यात पडते तेव्हा मुलेसुद्धा दंगा थांबवून बघत राहिली.

दुसरा, बिच्छनच्या काठचा शाह अब्दुर्रहमान गाझींचा दर्गा. लोक त्यांना दुल्हा रहमान म्हणतात. लग्नाच्या मांडवातून उठून ते लढाईला गेले आणि शहीद झाले, अशी कथा आहे. कोणी त्यांना गझनीच्या महमूदाचा भाचाही म्हणतात. ही लोककथा आहे, इतिहास म्हणून आम्ही ती सांगत नाही. दर्ग्याची इमारत मात्र बहमनी काळची मानतात. गावचा एक दरवाजाही दुल्हा दरवाजाच. आम्ही फातिहा पढली आणि नदीकाठी बसलो. नदीत पाण्यापेक्षा प्लास्टिक जास्त होते. मामू म्हणाले, पूर्वी इथे कपडे धुतले की इस्तरी लागत नव्हती. दादी म्हणाली, पूर्वीही लागत होती, तुझे कपडे मी धुवायची.

सोमवारी गाविलगड. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा. चिखलदरा थंड हवेचे ठिकाण म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रजाने १८२३ मध्ये ते 'शोधले' असे छापलेले असते. कोरकू लोक तिथे आधीपासून राहत होते आणि शेजारी चारशे वर्षांचा किल्ला होता. मग त्याने शोधले काय, हा प्रश्न आमच्या धाकटीचा.

किल्ला दोन भागांत आहे. तटाला तट. एका दरवाज्यावर दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे, गंडभेरुंड. हे विजयनगरचे चिन्ह. फतेहउल्लाच्या जन्मभूमीची ती आठवण असावी असे जाणकार म्हणतात. नरनाळ्याचा महाकाली दरवाजाही त्याच्याच काळचा, १४८७ चा, सुंदर अक्षरांच्या लेखांचा, पण तो पाहायला वेगळा दिवस हवा. गाविलगडावर बहराम बुरूज आहे, १५७७ चा, म्हणजे निजामशाहीत इथे बहरामखान किल्लेदार होता तेव्हाचा. आत तलाव आहेत. पोलाद पाजायला उत्तम अशा इथल्या झऱ्याचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आहे. जामा मशीद पडकी असली तरी तिचे घुमट लांबून दिसतात. आम्ही जोहरची नमाज तिच्या पटांगणात पढलो. वारा इतका होता की टोप्या धरून ठेवाव्या लागल्या.

१५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. उत्तरेच्या बाजूने, डोंगर-जंगलातून तोफा ओढून आणल्या होत्या. किल्लेदार बेनीसिंग राजपूत लढता लढता पडला. नागपूरकर भोसल्यांनी दोनच दिवसांत देवगावला तह केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. चाचांनी तिथूनच कोलंबसला व्हिडिओ फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली. मुलगा डोळे चोळत म्हणाला, १८०३ हे आमच्या ओहायोचेही साल, त्याच वर्षी मार्चमध्ये ते राज्य झाले. दादी किल्ल्यात चढली नाही, ती गाडीतच होती. तिला फोन दिला. ती म्हणाली, "बेटा, ज्याची राजधानी गेली त्या गावाचं मी विचारलं होतं ना? आता विचारू नकोस. मी पाहून आले."

त्या रात्री घरात कागद काढले गेले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मंगळवारी जायचे होते. हक्कसोडपत्र टाइप होऊन तयार होते. अब्बांच्या मामेभावाने, थोरल्या मरहूम मामूंच्या मुलाने, आदबीने समोर ठेवले. "फुफी, उद्या अकरा वाजता. तुम्हाला उभं राहावं लागणार नाही, मी खुर्चीचं सांगून ठेवलंय."

दादीने चष्मा लावला, कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, "सही करते मी. पण आधी माझा हिस्सा किती होतो ते मला मोजून सांग."

खोलीत शांतता झाली. ती पुढे म्हणाली, "देते म्हटलं की देईन. पण काय देते ते तर कळू दे. अब्बाजान गेले तेव्हा कोणी मोजलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं तर माहेर तुटेल असं वाटलं."

मामूंनी, मास्तरांनी, धाकटीच्या वहीतले पान मागितले. दोन भाऊ, एक बहीण. भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक. एकूण पाच. त्यातला एक आपाचा. घराचा सौदा ठरला होता त्या रकमेला त्यांनी पाचाने भागले आणि आकडा लिहिला. मग पेन खाली ठेवले आणि चष्मा पुसत बसले. मामेभाऊ खालीच पाहत होता. त्याच्या दोन मुलींपैकी मोठी दारात उभी राहून सगळे ऐकत होती.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "फुफी, उद्या कचेरीत नको जायला. मला थोडा वेळ द्या. घेणाऱ्याशी बोलावं लागेल, पैशाचीही सोय पाहावी लागेल. कागद नव्यानं करू." दादी म्हणाली, "घे वेळ. मी तीस वर्षं घेतला." आणि मग तिने त्याला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला.

आम्ही मात्र अब्बांकडे पाहायचे टाळले आणि अब्बांनी आमच्याकडे. दादा वारले तेव्हा रिठदच्या शेताचे कागद असेच झाले होते. फुफी मेहकरहून आली, चहा प्यायली, अंगठा दिला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. आम्ही तिला बसस्थानकावर सोडायला गेलो होतो. दादी तेव्हा याच घरात होती आणि काही बोलली नव्हती.

ज्यांना अचलपूरला जायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, एस.टी. भरपूर आहेत. अकोल्याकडून येणाऱ्यांना अकोट-अंजनगावची वाट सोयीची. हिवाळा उत्तम. पावसाळ्यात चिखलदरा सुंदर दिसतो पण गडावर पाय घसरतात आणि धुक्यात तोंडावरचा दरवाजाही दिसत नाही. हौज कटोऱ्याला सकाळी नाहीतर असरनंतर जावे. पाणी बरोबर ठेवावे. आणि गावात कोणी म्हातारे माणूस भेटले तर त्याच्यापाशी बसावे, पाट्या फारशा नाहीत, सांगणारे आहेत.

निघताना दादीने न्हाणीजवळची जागा उकरून पाहिली. भुईचाफ्याचे कंद हिवाळ्यात जमिनीत झोपलेले असतात, वर काही दिसत नाही. दोन गड्डे निघाले. ते भुईचाफ्याचेच आहेत की हळदीचे, यावर तिचे आणि मामूंचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ते तिने मांडीवर घेतले.

परतीच्या वाटेवर दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंजा, सगळी नावे उलट्या क्रमाने आली. दादी बहुतेक झोपलेली. रात्री नऊला रिठदला पोहोचलो. दिवा लावायच्या आधी अब्बांनी अंगणातच उभे राहून मेहकरला फोन लावला. बहिणीला सलाम केला, तब्येत विचारली आणि म्हणाले, "इन्शाअल्लाह, पुढच्या जुम्याला येतोय तुझ्याकडे. सातबारा घेऊन येतो."

फुफी घाबरून विचारत होती, काय झाले, अम्मी बरी आहे ना?